प्रयोगामागचा प्रपंच

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांविषयी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. या माहितीपटाचा विषय मात्र त्या नाटकामागची संस्था हा आहे. ज्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने हे नाटक रंगमंचावर आणले, तिनेच काही महिन्यांत त्याचे प्रयोग थांबवले. नाटक चालू ठेवायचे तर नवी संस्था काढण्यावाचून त्या तरुण मंडळींपुढे गत्यंतर उरले नाही. २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी स्थापन झाली ती या निकडीतून, आणि १९७४च्या जानेवारीत ‘घाशीराम’ पुन्हा उभे राहिले.

संस्था स्थापन करणे सोपे होते. हे नाटक चालवणे अवघड होते. रंगमंचावर पडद्यासारखी उभी राहणारी बारा ब्राह्मणांची रांग, गायक, वादक, प्रकाशयोजना आणि नेपथ्य सांभाळणारे साहाय्यक, एवढा सगळा ताफा प्रत्येक प्रयोगाला वेळेवर हजर हवा, आणि यातल्या बहुतेकांचे पोट नाटकावर चालत नव्हते. जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून रुग्ण तपासत असत. मोहन आगाशे मानसोपचाराच्या क्षेत्रात होते आणि सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या जीवरसायनशास्त्र विभागात काम करत होते. तालमी नोकरीनंतर आणि दौरे सुट्ट्या जुळवून, अशा रीतीने चाललेल्या या हौशी संस्थेने १९८० साली हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर नेले आणि १९९२पर्यंत त्याचे प्रयोग चालू ठेवले. रजा कोणी कधी घ्यायची, आजारी नटाच्या जागी कोण उभे राहायचे, सामानाचा ट्रक किती वाजता भरायचा, हे ठरवणाऱ्यांची नावे परीक्षणांत येत नाहीत. आमच्या मते त्या नाटकाच्या यशात त्यांचा वाटा नटांइतकाच मोठा आहे.

अशा संस्थेच्या ताळेबंदात इमारत नसते, ठेवी बेताच्या असतात आणि तिचे सर्वांत मोठे भांडवल कुठेच लिहिलेले नसते. ते भांडवल म्हणजे सभासदांचा वेळ. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सुटणारी नोकरी, तालमीच्या जागेपासून फार दूर नसलेले घर आणि घरची जबाबदारी मुकाट्याने उचलणारे कोणीतरी, बहुधा घरातल्या स्त्रिया, यांच्या आधारावर महाराष्ट्रातल्या किती तरी नाट्यसंस्था, गायन समाज आणि ग्रंथालये उभी राहिली. आज तोच तरुण नट रात्रपाळी करतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, आणि मालिकेच्या चित्रीकरणाची तारीख आली की त्याला ती नाकारता येत नाही, कारण त्याचे घरभाडे त्यातून जाते. त्याची निष्ठा कमी झाली आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बदलली आहे ती त्याची परिस्थिती, आणि जी संस्था अजूनही त्याच्या फुकट वेळेवर आपले वार्षिक वेळापत्रक आखते, तिचे आराखडे कोलमडतात.

थिएटर अकॅडमीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळून पाहिला होता. १९८५ ते १९९४ या काळात, सतीश आळेकर यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, संस्थेने नाटककारांच्या आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासासाठी योजना राबवल्या. पुण्यातली एक हौशी संस्था केवळ स्वतःचे नाटक न करता इतरांच्या लेखनाची आणि संघटनेची जबाबदारी घेते, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. आज तशीच योजना आखायची झाली तर पहिली अडचण कायद्याची येईल. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. पुण्यातल्या संस्थेने निधी मिळवायचा आणि नांदेडच्या वा साताऱ्याच्या संस्थेला तो पुढे द्यायचा, हा मार्ग बंद झाला आहे.

देशातल्या देशात पैसा आहे. २०१४पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृतीचा समावेश आहे. परंतु हा पैसा बहुधा प्रकल्पासाठी मिळतो: महोत्सवासाठी, कार्यशाळेसाठी, फलकावर नाव झळकेल अशा कशासाठी तरी. कार्यालयात रोज बसणाऱ्या माणसाच्या पगारासाठी देणगी मागितली की देणगीदार अवघडतो.

जुन्या संस्थांनी हा पगार आजवर ठेवींच्या व्याजातून काढला. समजा, एखाद्या संस्थेची २५ लाखांची ठेव आहे. ९ टक्के व्याज होते तेव्हा वर्षाला २ लाख २५ हजार रुपये हाती येत. २०२०-२१ मध्ये दर ५.४ टक्क्यांवर आला तेव्हा तीच ठेव १ लाख ३५ हजार देऊ लागली. मधले ९० हजार म्हणजे अर्धवेळ लेखनिकाचा वर्षभराचा पगार, आणि तो लेखनिक गेला की वर्गणीच्या पावत्या, सभासदांची यादी आणि पत्रव्यवहार हे सारे कार्यवाहांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडते.

त्या टेबलावर आणखी एक फाइल असते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या अशा संस्थेच्या विश्वस्त मंडळात मृत्यूने, राजीनाम्याने वा निवडणुकीने बदल झाला, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. सभेची सूचना, इतिवृत्त, हजेरीपट आणि नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र यांतला एखादा कागद कमी असला तरी प्रकरण रेंगाळते. मागचा रिपोर्ट मंजूर झालेला नसताना पुढची निवडणूक होते आणि अधिकृत नोंदीत दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहतात. मग बँक नव्या सह्या घेत नाही, देणगीदार कागद मागतो तेव्हा ते जुळत नाहीत, आणि प्राप्तिकराच्या सवलतीची नोंदणी, जी २०२१पासून कायमची न राहता मुदतीची झाली आहे, तिच्या नूतनीकरणात नवे प्रश्न उभे राहतात. उत्तम कलावंत पाठीशी असलेल्या संस्था अशा कागदांपायी थबकतात, हे पाहून मनापासून वाईट वाटते, कारण हे काम कोणाला तरी नीट शिकवता आले असते. अभिनयाची शिबिरे आपण दरवर्षी घेतो. इतिवृत्त कसे लिहावे, अंदाजपत्रक कसे मांडावे, याचे शिबिर क्वचितच कोणी घेते.

प्रेक्षकाकडून येणाऱ्या पैशाचा विचारही आता संकोच सोडून करायला हवा. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. शंभर खुर्च्यांच्या छोट्या सभागृहात ३०० रुपये तिकीट ठेवले आणि सत्तर खुर्च्या भरल्या, तर २१ हजार रुपये जमतात. सभागृह स्वतःचे वा सवलतीचे असेल तर त्यातून नटांना मानधन देता येते. भाडे भरावे लागले तर बहुतेक रक्कम तिथेच संपते. म्हणूनच पुण्यात महाराष्ट्र कल्चरल सेंटरने छोटा रंगमंच चालवण्याची जी जबाबदारी अंगावर घेतली, तिचे मोल केवळ एका संस्थेपुरते नाही. तिथे इतर संस्थाही नाटके करतात आणि त्यांचा खर्च आटोक्यात राहतो.

ज्या कंपन्या आणि व्यक्ती महोत्सवांना देणग्या देतात, त्यांच्यापुढे आमची एक नेमकी सूचना आहे. एका वर्षीच्या महोत्सवाऐवजी एका संस्थेच्या पूर्णवेळ व्यवस्थापकाचा ३ वर्षांचा पगार द्यावा. पहिल्या वर्षी त्याने हिशेब आणि प्रलंबित नोंदी मार्गी लावाव्यात, दुसऱ्या वर्षी सभासद आणि वर्गणीदार वाढवावेत, आणि तिसऱ्या वर्षाच्या सर्वसाधारण सभेत, आपला पगार पुढच्या वर्षी कोणत्या उत्पन्नातून निघेल हे दाखवणारे अंदाजपत्रक विश्वस्तांपुढे ठेवावे.