मीटरवर 43 हजार

मे महिना. ठाण्यात बाळकुमच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर ही पिवळी बस उभी आहे. 2018चं मॉडेल, एमएच 04 पासिंग, चाळीस सीट. रंग इतका ताजा, की उन्हात तिच्याकडे बघवत नाही.

बघायला आलेले काका बरीच वर्षं शाळेची व्हॅन चालवतात. जूनला शाळा उघडायच्या आत मोठी गाडी घ्यायचं त्यांनी ठरवलंय. सोबत नेहमीचे मिस्त्री. मिस्त्री रंगाकडे बघतच नाहीत, थेट इंजिनावर हात ठेवतात. गरम.

"सकाळी चालू केली होती का, शेठ?"

"जरा हलवून ठेवली," विकणारा म्हणतो.

थंड गाडी एका सेल्फमध्ये लागते का, पहिला धूर कसला निघतो, हेच तर बघायचं होतं. राहिलं. उद्या सकाळी न कळवता यायचं, एवढं दोघांचं नजरेनंच ठरतं.

मीटरवर 43 हजार किलोमीटर. विकणारा हा आकडा तीनदा सांगतो. खोटा असेलच असं नाही. शाळेची बस रोज 40 किलोमीटर धरली आणि वर्षाचे 200 दिवस, तर वर्षाला आठ हजारच होतात. त्यात मार्च 2020ला शाळा बंद झाल्या आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं या गाड्या सोसायट्यांच्या भिंतींना लागून उभ्या राहिल्या. पण उभी गाडीही झिजते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तर जास्तच.

मिस्त्री गाडीखाली सरकतात. पुढचे टायर नवे आहेत, ते सगळ्यांनाच दिसतात. मागच्या जोडचाकातलं आतलं टायर बघायला मात्र आडवंच व्हावं लागतं. त्याच्या बाजूवर चार आकडे आहेत: 1118. म्हणजे 2018च्या अकराव्या आठवड्यात बनलेलं. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबराला केसासारख्या बारीक चिरा. किलोमीटरच्या हिशेबात हे टायर चांगलं आहे, वयाच्या हिशेबात संपलंय.

आता दाराची पायरी. आमच्या मते शाळेच्या बसची परीक्षा इथेच असते. चार महिन्यांचा पाऊस, चाळीस जोडी ओले बूट, गळणाऱ्या छत्र्या, कलंडलेल्या पाण्याच्या बाटल्या. सगळं पाणी इथूनच आत जातं. वर मॅट नवी कोरी. मिस्त्री तिची पट्टी उचकटतात आणि खालच्या प्लायवर स्क्रूड्रायव्हर टेकवतात. दाबावंही लागत नाही. पाती बिस्किटात शिरावी तशी आत जाते. खालच्या पत्र्याला खिशातलं लोहचुंबक लावतात. एका जागी चिकटतं, वीतभर पुढे गळून पडतं. तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

काका तोवर मागे गेलेत. संकटकाळी बाहेर पडायचं दार. हँडल फिरवतात, तळहातानं ढकलतात, मग खांदा लावतात. हलत नाही. दाराच्या फटीत पिवळा रंग सुकून बसलाय. रंगाऱ्यानं आख्ख्या गाडीवर फवारा मारला, आणि त्यानंतर हे दार कुणी उघडून बघितलंच नाही.

काका काही बोलत नाहीत. एका सीटवर जाऊन बसतात, मागच्या दाराकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात. इंजिन गार. एका सेल्फमध्ये लागतं. क्षणभर पांढुरका धूर, मग साफ. ऑइलचं झाकण काढलं तर आतून धुराचे भपके नाहीत. म्हणजे इंजिन बॅक मारत नाही, आतून झिजलेलं नाही. गायमुखच्या चढावर बस दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते. क्लच मात्र पार वर येऊन पकडतो, म्हणजे घासत आलाय. माजिवडा-कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये ज्यांनी अर्धा क्लच दाबून वर्षं काढली, त्यांना हे नवं नाही.

परतताना सपाट रस्त्यावर काटा 40 ओलांडतो. मग 50. मग 55. शाळेच्या बसचा वेग 40ला बांधलेला असायला हवा. वेग बांधणारी डबी, म्हणजे स्पीड गव्हर्नर, जागेवर आहे, वायर काढून ठेवलीय.

कागदपत्रांचं लवकर उरकतं. आरसी, विमा, टॅक्स, पीयूसी ठीक. ई-चलन दोन बाकी. कर्ज फिटलंय, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला नाही. त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 लागेल, मगच गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या. शिवाय आठ वर्षं भरल्यावर गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी.

विकणारा एकदम पंचवीस हजार खाली येतो. "इंजिन तर मानता ना, काका?"

"इंजिनाला नाव ठेवलंय का मी?" काका म्हणतात. प्लाय बदला, वायर जोडा, बोजा उतरवा. किमतीचं नंतर बोलू. टोकनासाठी आणलेलं पाकीट शर्टाच्या खिशातच आहे.

निघताना ते पुन्हा एकदा मागच्या दारावर थाप मारतात.

"हे उघडलं, की फोन करा."