कटकट नको असलेला कट: बारीक आणि वेव्ही केसांसाठी

धुतले, बोटांनी सारखे केले, निघाले. बारीक आणि वेव्ही केस असलेल्या बहुतेक जणींना कटकडून एवढंच हवं असतं. मिळतं काय? पार्लरच्या ब्लो ड्रायवर दोन दिवस झकास दिसणारा कट. घरी पहिल्यांदा केस धुतले की तो वरून टाळूला चिकटतो, कानांशी पिंजारतो आणि खाली विरळ शेपट्या सोडतो. मग आपण बसतो आपल्या केसांना नावं ठेवत. केस बिचारे जसे आहेत तसेच वागतायत. बघायचं असतं ते कात्री कुठे चालली आणि कुठे चालायला नको होती, हे.

आज ‘हा कट घ्या, तो घ्या’ अशी यादी मी देणार नाहीये, कारण नावं दर वर्षी बदलतात. तुम्हाला खुर्चीत बसून नेमकं काय मागायचं ते कळलं पाहिजे.

आधी एक हिशेब. ‘कमी मेंटेनन्स’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक वेळ जातो रोज आरशासमोर, आणि दुसरा दर काही आठवड्यांनी पार्लरमध्ये. पहिला कमी केला की बऱ्याचदा दुसरा वाढतो! पिक्सीचंच बघा, म्हणजे मुलांसारखा अगदी आखूड कट. सकाळी दोन मिनिटं, विषय संपला. पण केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. कानामागचे केस ३ सेंटीमीटर असतील, तर महिन्याभरात ते ४ च्या वर जातात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वाढतात म्हणा ना, सगळा आकारच बदलतो. त्यामुळे पिक्सीला दर चार ते सहा आठवड्यांनी ट्रिम लागतो, नाहीतर मानेवर झुपका आणि वर काही नाही, असं ध्यान दिसतं. तोच १ सेंटीमीटर गळ्याच्या हाडापर्यंतच्या केसांत वाढला तर तुमच्याशिवाय कुणाला कळणारही नाही. तो कट दोन-तीन महिने आरामात चालतो. (पुरुष मंडळी, तुमचा फेड, म्हणजे बाजूंनी खाली आखूड होत जाणारा मशीनचा कट, तर दोन-तीन आठवड्यांतच उतरतो. केस वेव्ही असतील तर वरून थोडे लांब आणि बाजूंनी कात्रीने कापलेले ठेवा, मशीनने नको. वाढताना बरे दिसतात.)

तर आधी ठरवा, तुम्हाला जास्त कंटाळा कशाचा आहे. रोजच्या खटाटोपाचा, की पार्लरला जायचा?

आता केस तपासू. गळलेला एक केस घ्या, अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच फिरवा. काहीच लागत नाही हाताला? मग तुमचा केस बारीक आहे. दोऱ्यासारखा स्पष्ट जाणवला तर जाड. आता ही दुसरी गोष्ट त्याच्याहून वेगळी आहे: डोक्यावर केस किती आहेत. माणसाच्या डोक्यावर सरासरी लाखभर केस असतात, पण कुणाकडे बरेच कमी, कुणाकडे बरेच जास्त. पोनीटेल बांधून बघा. रबराचे तीन-चार वेढे घेऊनही ते सैलच राहत असेल तर केस बारीकही आहेत आणि विरळही. दोन वेढ्यांतच रबर ताणलं जात असेल, तर केस बारीक पण भरपूर आहेत. या दोघींनी एकच कट घेऊ नये. दुसरीला थोडे लेअर्स, म्हणजे कमी-जास्त लांबीचे थर, चालतात. पहिलीने लेअर्सच्या बाबतीत अगदी कंजूष व्हायचं.

तिसरी तपासणी वेव्हची. एकदा केस धुवा, ओले असतानाच गुंता सोडवा आणि मग वाळेपर्यंत कंगवा, हात, क्रीम, काही लावू नका. वाळल्यावर बघा. वेव्हला जगभर २ ए, २ बी, २ सी अशी नावं आहेत. आंद्रे वॉकर या हेअरस्टायलिस्टने केलेली ही विभागणी. २ ए म्हणजे अगदी सैल, टोकांकडेच दिसणारी लाट. २ सी म्हणजे मुळांपासून सुरू होणारी, जवळपास कुरळी. बारीक केस बऱ्याचदा २ ए किंवा २ बी असतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. लाट कुठून सुरू होते ते मात्र बघून ठेवा, कानाच्या वर की हनुवटीच्या खाली. आणि पुढून, मागून, बाजूने फोटो काढा. हा फोटो पार्लरमध्ये कुठल्याही नटीच्या फोटोपेक्षा जास्त कामाचा आहे.

आता लांबी. बारीक केस लांब वाढले की स्वतःच्याच वजनाने खाली ओढले जातात. वरची लाट सपाट होते, टोकांशी तेवढी उरते. तेच केस कापले की वजन जातं आणि लाट वर उचलली जाते. म्हणूनच लांब केस असताना ‘माझे केस सरळच आहेत’ म्हणणाऱ्या बायका कट केल्यावर चकित होतात. माझं मत विचाराल तर बारीक आणि वेव्ही केसांसाठी सगळ्यात सोयीचा पट्टा म्हणजे हनुवटीच्या किंचित खालपासून गळ्याच्या हाडापर्यंत. यातली एक जागा फक्त टाळा: बरोबर खांद्यावर टेकणारी. तिथे केस खांद्याला आपटतात आणि एका बाजूला आत, दुसऱ्या बाजूला बाहेर वळतात. रोज सकाळी तेवढ्यासाठी इस्त्री हातात घ्यावी लागत असेल, तर तो कट कमी मेंटेनन्सचा नाही. एक तर खांद्याच्या दोन बोटं वर, नाही तर दोन बोटं खाली.

आणि टोकं? टोकं ब्लंट. म्हणजे खालची कड एकसारखी, भरीव. बारीक केसांत हा सगळ्यात मोठा फायदा आहे, कारण सगळे केस एकाच ठिकाणी संपले की ती कड दाट दिसते. व्ही शेप किंवा खोल यू शेप कापला की मधल्या टोकाला मोजकेच केस पोहोचतात, आणि तीच ती शेपटी. हनुवटीपर्यंतचा बॉब, थोडा लांब असलेला लॉब, पुढे किंचित लांब आणि मागे आखूड असा बॉब, यातलं काहीही घ्या. कड भरीव राहिली की काम झालं.

लेअर्सचा मुद्दा आला की गडबड होते. ‘व्हॉल्यूम हवाय’ म्हटलं की समोरून उत्तर येतं, ‘लेअर्स देऊ या.’ लेअर्स देताना वरचे केस आखूड होतात, ते हलके होऊन उचलले जातात, इथवर बरोबर. पण ते केस खालच्या कडेतून वजा झालेले असतात ना! दाट केसांत ही वजाबाकी दिसत नाही, बारीक केसांत लगेच दिसते. त्यामुळे मागणी अशी करा: सगळ्यात आखूड लेअर हनुवटीच्या वर नको, डोक्याच्या वरच्या भागात छोटे लेअर्स नकोत, आणि चेहऱ्याजवळच्या दोन-तीन बटा तेवढ्या मोकळ्या करा. शॅग आणि वुल्फ कट, म्हणजे भरपूर लेअर्सचे विस्कटलेले कट, फोटोत फार मस्त दिसतात. बारीक पण भरपूर केस असतील तर त्यांचा सौम्य प्रकार खरंच चांगला जमतो, आणि विस्कटलेला दिसणं हाच त्याचा स्वभाव असल्याने सकाळी काही करावं लागत नाही. केस विरळ असतील तर मात्र नादाला लागू नका.

थिनिंगची कात्री माहितीये ना, दात असलेली, फणीसारखी? ती दाट केस हलके करण्यासाठी असते. बारीक केसांत ती फिरली की मध्ये मध्ये आखूड केस तयार होतात, वेव्हमुळे ते बाहेर उभे राहतात, आणि वरून सगळं पिंजारल्यासारखं दिसतं. रेझरचंही तसंच. त्याने बारीक केसांची टोकं तिरकी, निमुळती होतात आणि फाटे लवकर फुटू शकतात. स्पष्ट सांगा, ‘थिनिंग नको, रेझर नको.’ कड फारच ठोकळेबाज वाटली तर कात्रीच्या टोकाने थोडं पॉइंट कटिंग करता येतं, तेवढं पुरे.

फ्रिंज, म्हणजे कपाळावर येणारे कापलेले केस? चेहऱ्याला छान दिसते, मान्य. पण महिन्याला त्या सव्वा सेंटीमीटरचं पुन्हा गणित करा. भुवईवर थांबणारी फ्रिंज तीन आठवड्यांत डोळ्यात जाते. कपाळावर भोवरा असेल तर ती मधोमध फाकते. शिवाय कपाळाचं तेल तिलाच आधी लागतं. बारीक केस एरवीही लवकर तेलकट दिसतात, कारण बारीक केसावर तेल पसरायला जागाच कमी असते. हवीच असेल तर गालाच्या हाडापर्यंत पोहोचणारी, मधून दुभागलेली लांब फ्रिंज घ्या. ती वाढली की आपोआप लेअर होऊन जाते.

हे सगळं काही नवीन नाही. १९६०च्या दशकापर्यंत बऱ्याच बायका रोलर लावून, स्प्रे मारून केस सेट करून घ्यायला आठवड्याला सलोनमध्ये जात. लंडनच्या व्हिडाल ससून या हेअरस्टायलिस्टने कटच असा करायचा आग्रह धरला, की डोकं हलवलं की केस आपल्या जागी पडावेत. १९६३ साली त्याने अभिनेत्री नॅन्सी क्वानचे लांब केस कापून केलेला बॉब फार गाजला. फक्त तो फोटो घेऊन जाऊ नका, ते केस सरळ आणि दाट होते. फोटो निवडतानाही हेच बघायचं. खूप ‘वेव्ही बॉब’ मुळात सरळ केसांवर मशीनने केलेले असतात. ओळखायचं कसं? लाटा दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर सुरू होतात आणि टोकं अगदी सरळ सोडलेली असतात. खऱ्या लाटा इतक्या शिस्तीत नसतात.

पार्लरला जाताना केस धुऊन, नैसर्गिक वाळवून, मोकळे सोडून जा. पोनीटेल बांधून गेलात तर रबराची खूणच लाट म्हणून वाचली जाईल. ओला केस ताणला जातो आणि वेव्ही केस वाळल्यावर वर चढतात. म्हणून ओले कापणार असतील तर हव्या त्या लांबीपेक्षा दोन बोटं लांब कापायला सांगा आणि उरलेलं वाळल्यावर. आणि शेवटी ‘ब्लो ड्राय नको, असेच वाळवा’ म्हणा. खरा कट तिथेच दिसेल, आणि काही बिनसलं असेल तर तिथल्या तिथे सुधारता येईल.

घरचं काम थोडकं आहे. कंडिशनर फक्त टोकांना. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टी-शर्टात केस खालून वर दाबा. हवं तर लिंबाएवढा मूस, जड क्रीम किंवा तेल नको. मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. केसातले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, त्यामुळे ज्या आकारात केस वाळतो तो आकार धरतो. ओल्या केसांनी झोपलात तर उशीने दिलेला आकार धरेल. भांग मात्र अधूनमधून बदला, मुळं उचलली जातात.

आत्ता केस कमरेपर्यंत असतील तर एका फटक्यात हनुवटीपर्यंत येऊ नका. आधी गळ्याच्या हाडाच्या खाली दोन बोटं थांबा, दोन-तीन वेळा घरी धुवून बघा लाट किती वर चढते, आणि मग पुढचं ठरवा. कमेंटमध्ये विचारताना तीन गोष्टी लिहा: केस चिमटीत जाणवतो का, रबराचे किती वेढे लागतात आणि लाट कुठून सुरू होते. एवढं असलं तर नेमकं उत्तर देता येतं.