सहा फुटांची प्रिंट

लंडनमधली ही कलर लॅब. लाइटबॉक्सवर ठेवलीय ती निगेटिव्ह ५ इंच लांब, ४ इंच रुंद. संध्याकाळपर्यंत तिची ६ फुटी प्रिंट काढायचीय. हातानं.

आधी धूळ. हवेचा फवारा, मऊ ब्रश, मग पुन्हा भिंगातून नजर. इथं राहिलेला केसाएवढा कण प्रिंटवर पांढरी रेघ होऊन उमटतो.

हा एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड टाकून चित्र मोठं पाडणारं यंत्र, आडवा असतो. रुळांवरून जसजसा मागे सरकतो, तसतसं भिंतीवरचं चित्र मोठं होत जातं. चित्राची कड दुप्पट झाली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून उजेड जास्त वेळ द्यावा लागतो. वेळ वाढला की रंगही ढळतात. छोट्या प्रिंटचे आकडे इथं कामाला येत नाहीत.

या चाचणीच्या पट्ट्या, रंग तपासायला आधी छापलेले कागदाचे तुकडे. ही पिवळट आलीय. कुणालाही वाटेल, पिवळा फिल्टर कमी करावा. पण तो वाढवायचा असतो; निगेटिव्हवरून छापताना सगळं उलट चालतं. प्रिंट काढणाऱ्या या बाई फिल्टरच्या दोनच चकत्या फिरवतात, पिवळी आणि मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी. दोन-तीन अंकांचा फरक झाडाझुडपांत कळत नाही, माणसाच्या गालावर लगेच कळतो. ओल्या पट्टीवर त्या मत देत नाहीत, कारण ओला कागद निळसर भासतो. वाळेपर्यंत थांबतात.

आता दिवे बंद. हे दृश्य इन्फ्रारेड कॅमेऱ्यातलं आहे. बाईंना यातलं काहीच दिसत नाही. रंगीत फोटोच्या कागदाला लाल दिवासुद्धा सोसत नाही. रोलमधून कागद ओढला, भिंतीवर चाचपून बसवला. भिंतीमागचा पंप हवा खेचतो आणि कागद सपाट चिकटतो.

एन्लार्जरचा दिवा लागला. हात बघा. तारेच्या टोकावरच्या पुठ्ठ्याची सावली चेहऱ्यावर, चेहरा काळवंडू नये म्हणून. मग तळहातांनी खालचा भाग झाकून एकट्या आकाशाला जादा उजेड. हात सतत हलता. थांबला तर त्याची कड कागदावर उमटेल.

पुढचं काम यंत्राचं. चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, ३५ अंशांचा, ४५ सेकंद. मग चित्र पक्कं करणारं ब्लीच-फिक्स, धुणं, वाळवणं.

असं काम करणाऱ्या लॅब आता जगभर मोजक्याच उरल्यात. गॅलरीतल्या पाटीवर नाव असतं ते छायाचित्रकाराचं. हे हात कुणाचे, ते सहसा कुणी लिहीत नाही.

यंत्रातून कागद बाहेर येतोय. आधी आकाश. मग कपाळ. मग गाल.

बाई बराच वेळ बघत राहतात.

"मॅजेंटा अजून दोन," त्या म्हणतात, आणि पुन्हा आत जातात.