नातवाचा मोबाइल, आबांचा हिशेब

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो!

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागली की आपल्याकडं आता निंदण-फवारणीच्या जोडीला आणखी एक काम निघतं, ते म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही राज्यभर सुरू झाली. आधी पेऱ्याची नोंद पटवारी करत. आता आपणच वावरात उभं राहून मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीच्या ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा सातबाऱ्यावर चढवायचा. घरी खाटेवर बसून जमत नाही, आपण कोणत्या गटात उभे आहोत हे ॲप बघतं. वावरात रेंज नसली तर माहिती मोबाइलमध्येच साठवून ठेवा आणि गावात आल्यावर पाठवा.

या दिवसांत धुऱ्यावर मोठी मजा असते. नातू मोबाइल धरून उभा, आबा मधात. "अबे, पऱ्हाटीचा काढ ना फोटू, माहा कायले काढून राह्यला?" फोटो होतो, पण पुढं गाडी अडते. ॲप क्षेत्र विचारतं हेक्टर-आरमध्ये, आणि आपलं सगळं बोलणं एकरात. त्यात पऱ्हाटीत तुरीची तासं, म्हणजे ओळी! तूर नेमकी किती लिहायची? मोबाइल चालवणाऱ्या पोराला ते ठाऊक नसतं. आबा बोटावर तासं मोजतात, "सहा तासाले एक तास तुरीचं" म्हणतात, नातू एकराचे चाळीस आर धरून आकडा भरतो. माझ्या मते गावानं ही विद्या अशीच जोडीनं आत्मसात केली, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चूक झालीच तर ४८ तासांच्या आत ॲपमधूनच दुरुस्ती करता येते.

मायबहिणींची अडचण वेगळी. कापूस वेचून, बोंडाची टोकं लागून बोटं अशी होतात की सेवा केंद्रातलं मशीन अंगठाच ओळखत नाही. हात धुवा, पुसा, दुसरं बोट लावून पाहा. पीएम किसानच्या केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, २०२३ पासून चेहरा दाखवूनही चालतं.

अंगठा लावून पैसे काढताना मात्र एक ध्यानात ठेवा. "फेल झालं, पुन्हा लावा" असं कोणी म्हटलं तर आधी बँकेचा मेसेज पाहा, पावती मागा. मागायला संकोच कसला, पैसा आपला आहे!

आणि पिनचं. फोन पे, गुगल पे चालवायला पोराची मदत जरूर घ्या, पण पिन स्वतःच दाबा. पैसे खात्यात यायला पिन लागतच नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा लुबाडायलाच बसलेला असतो. तरी खात्यातून रक्कम गेलीच, तर लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. तेव्हाच्या तेव्हा १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. स्मार्टफोनच पाहिजे असं नाही, बटनाच्या साध्या फोनवरूनही हा नंबर लागतो.