पॅकेज आहे, पत्ता चुकलाय

(दृश्य : पहाट. खानापूर बसस्थानक. कानडी पाटी लावलेली बेळगावची गाडी. खिडकीशी एक मुलगी.)

खानापूर ते बेळगाव, सुमारे २५ किलोमीटर. वाटेत मच्छे लागतं. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं 'ज्ञान संगम' आवार इथलंच. ही मुलगी तिथं उतरत नाही. ती टिळकवाडीला मावसभावाच्या खोलीवर चाललीय. पिशवीत भाकरीचा डबा आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर जावा या प्रोग्रामिंग भाषेची, रात्रभर जागची न हललेली एक ओळ : 'पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट', म्हणजे 'असं पॅकेज नाही'.

(दृश्य : खोली. पडद्यावर लाल अक्षरं.)

"फाईल हाय की दादा. समोर दिसायलीय. खरं हे नाहीच म्हणायलंय."

बेळगावकडच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. आणि तिची तक्रार शंभर टक्के रास्त. फाईल आहेच. जावाचा हा संदेश मला कायम उर्मट वाटत आलाय. म्हणायचं असतं, 'तू सांगितलेल्या ठिकाणी मला सापडलं नाही', आणि म्हणतो काय, 'असं काही नाहीच'. चुकीच्या गल्लीत शिरलेल्या पोस्टमननं पाकिटावर 'या नावाचं कोणी राहत नाही' असा शेरा मारावा, तसं.

प्रोजेक्ट तिचा ऊस वजनाच्या पावतीचा आहे. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन, वजाबाकी, शेतकऱ्याचं नाव, गाव. सांगाडा मागच्या वर्षीच्या एका मुलाकडून पेनड्राईव्हवर आलेला.

दादा आधी कोडला हात लावत नाही. फोल्डर उघडतो.

(दृश्य : फोल्डरचं नाव, मग फाईलची पहिली ओळ. कॅमेरा दोन्हींवर थांबतो.)

आपण पत्ता घरापासून लिहितो : गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. जावाचं पॅकेज, म्हणजे कोडच्या फाईली ठेवायच्या जागेचं नाव, उलटं, मोठ्याकडून लहानाकडे : आधी जिल्हा, मग टिंब, मग तालुका, मग गाव. प्रत्येक टिंबामागे एक फोल्डर. इम्पोर्टमध्ये, म्हणजे दुसरीकडचा कोड मागवणाऱ्या ओळीत, जे नाव लिहिलं, त्याच नावाचा फोल्डर जावासी, म्हणजे कोड चालण्याजोगा करून देणारा जावाचा कंपायलर, डिस्कवर शोधत जातो.

हिच्या कोडमध्ये नाव होतं बेळगावी, शेवटी 'व्ही-आय'. फोल्डर मात्र जुन्या सवयीनं 'यू-एम'वर संपणारा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी आलं. घरात, बाजारात आणि पेनड्राईव्हवर बेळगावच राहिलं. सीमाभागात नावावरून माणसं वर्षानुवर्षं भांडलीत. कंपायलरला त्यातलं काही ठाऊक नाही, त्याला एक अक्षरही कमीजास्त चालत नाही. मोठं 'के' आणि छोटं 'के' सुद्धा त्याच्या लेखी वेगळे. विंडोजला फोल्डरच्या नावात तो फरक जाणवत नाही, म्हणून घरी चाललेला प्रोग्राम लॅबमधल्या लिनक्सवर अडकू शकतो.

फोल्डरचं नाव बदललं. लाल ओळ गेली. दोघं हसली. अर्धा मिनिट.

(दृश्य : काळा पडदा, लुकलुकता कर्सर.)

आता कंपाईल होतं, पण चालत नाही. 'नो क्लास डेफ फाऊंड', आणि कंसात 'रॉंग नेम'. कारण ती थेट सगळ्यात आतल्या फोल्डरात जाऊन उभी राहिलीय आणि तिथून क्लासचं, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याचं, नुसतं नाव पुकारतेय. घरात शिरून घराचा पत्ता विचारण्यातला प्रकार. उभं राहायचं बाहेर, जिथून जिल्ह्याचा फोल्डर दिसतो तिथं, आणि हाक मारायची पूर्ण नावानं, टिंबांसकट. दादा तर जावासीला 'डॅश डी' देऊन 'आऊट' नावाचा वेगळा फोल्डर नेमून देतो. मग पॅकेजप्रमाणे आतले फोल्डर जावासी स्वतःच पाडून घेतो आणि क्लास फाईली सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, मिसळत नाहीत.

पुढचा घोळ जारचा, म्हणजे अनेक क्लास एकत्र बांधलेल्या गाठोड्याचा. शेतकऱ्यांची नावं मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहेत, त्याला जावाशी जोडणाऱ्या कनेक्टरची जार फाईल लागते. ती 'लिब' फोल्डरात ठेवलेली.

"क्लासपाथमध्ये लिब दिलंय की."

क्लासपाथ म्हणजे क्लास कुठं शोधायचे त्या जागांची यादी. त्यात लिब दिलंय, पण फोल्डरचं नाव दिलं की जावा त्यात सुट्या क्लास फाईली शोधतो. जार स्वतः उघडून बघत नाही. एकतर जारचं नाव पूर्ण लिहायचं, नाहीतर लिब, तिरकी रेघ आणि तारा (*). ही ताऱ्याची सोय जावा ६ पासून आहे. लिनक्सवर तो तारा अवतरणात घालायचा, नाहीतर शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, मधल्यामधे त्याचा स्वतःचा अर्थ लावतं.

कनेक्टरची गंमत अशी की तो नसला तरी कंपायलर बहुधा कुरकुरत नाही. ड्रायव्हरचं, म्हणजे कनेक्टरमधल्या क्लासचं, नाव कोडमध्ये नुसत्या मजकुरासारखं लिहिलेलं असतं, त्यामुळे चूक उघडी पडते प्रोग्राम चालवताना, तीही परीक्षकासमोर.

तिनं तारा टाकला. आणि स्वतःचंच पॅकेज सापडेना!

इथं बरेच जण हात टेकतात. क्लासपाथ काहीच दिला नाही, तर जावा चालू फोल्डर आपणहून बघतो. 'डॅश सीपी' लिहून क्लासपाथ म्हणून काहीही दिलं, की ती सवलत संपली. चालू फोल्डर हवा असेल तर तोही टिंब लिहून सांगावा लागतो. टिंब, मग विंडोजवर अर्धविराम, मग लिब आणि तारा. लिनक्सवर अर्धविरामाच्या जागी अपूर्णविराम, म्हणजे कोलन. तिथं चुकून अवतरणाबाहेर अर्धविराम टाकला तर शेलच्या दृष्टीनं आज्ञा तिथंच संपली.

(दृश्य : झेरॉक्स नोट्सचं जाडजूड बाड.)

या बाडात पहिल्याच पानावर सांगितलंय : सिस्टीमच्या सेटिंगमध्ये क्लासपाथ नावाचं व्हेरिएबल करून ठेवा. माझं ऐकाल तर करू नका. एकदा केलं की त्या मशीनवरच्या बाकीच्या जावा प्रोग्रामांनाही ते छळतं, आणि त्यातही टिंब विसरलं की वरचीच रड. शिवाय 'डॅश सीपी' दिलं की ते व्हेरिएबल बघितलंच जात नाही. मग ठेवायचं कशाला?

याच बाडातले काही इम्पोर्ट आता खरोखरच अस्तित्वात नाहीत. एक्सएमएल फाईली वाचण्या-लिहिण्यासाठीचं जॅक्सबी जावा ८ सोबत आपोआप मिळायचं. २०१८ च्या जावा ११ मधून ते काढलं, आता जार वेगळी आणावी लागते. सर्व्हलेटचं, म्हणजे वेबसर्व्हरवर चालणाऱ्या जावा क्लासचं, तर आडनावच बदललं : टॉमकॅट या सर्व्हरच्या १० व्या आवृत्तीपासून 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता'. तेव्हा एखाद्या वेळी तो उर्मट संदेश अक्षरशः खराही असतो. जार गोळा करण्याची ही सगळी कटकट मेव्हन नावाचा प्रोग्राम करतो, पण क्लासपाथ न समजता मेव्हन शिकलेली मुलं त्याच्या चुकांपुढेही तशीच बसून राहतात, हे दादाचं मत. मलाही ते पटतं.

(दृश्य : दुपार. उघडा डबा. पडद्यावर लाल अक्षर नाही.)

प्रोग्राम चालला. भरलेली ट्रॉली, रिकामी ट्रॉली, वजाबाकी बरोबर. तिनं घरी फोन लावला, "झालं बघ आई", आणि बोलता बोलता पावतीकडे नीट पाहिलं.

शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. गावाच्या जागी प्रश्नचिन्हं. मराठी अक्षर एकही नाही.

"दादा," ती फोन कानाला तसाच धरून म्हणाली, "शेवटची गाडी कितीला हाय?"