७ ग्रॅम वजन, ४१ वर्षं आयुष्य

श्रोतेहो, नमस्कार.

सायबेरियात संशोधकांनी एका वटवाघळाला खुणेची कडी अडकवून सोडून दिलं होतं. ते ४१ वर्षांनी पुन्हा हाती लागलं, तेही जिवंत! या जातीचं वजन असतं जेमतेम ७ ग्रॅम. एवढ्याशा उंदराला तीन वर्षंही भरपूर झाली. मग वटवाघळालाच हे आयुष्य कुठून मिळतं?

उत्तराचा एक धागा उडण्यात आहे. सस्तन प्राण्यांमध्ये खरंखुरं उडतं ते वटवाघूळच. उडताना शरीर प्रचंड ऊर्जा खर्च करतं. त्या ताणात डीएनएचे तुकडे पडून पेशीत भलत्या जागी येत असावेत, असं संशोधकांना वाटतं. आपल्या शरीरात असं झालं, की विषाणू शिरल्यासारखी धावपळ उडते, दाह होतो. वटवाघळांमध्ये हा इशारा देणारं 'स्टिंग' नावाचं प्रथिन थोडं बदललेलं आहे, त्यामुळे इशारा सौम्य राहतो. आपल्या जिवावर उठणारे काही विषाणू त्यांच्या अंगात निमूट राहतात, त्यामागे हेही एक कारण असावं. करोनात अनेक रुग्ण अतिदाहानेच खालावले, हे आठवलं की याचं मोल कळतं.

हे सगळं जनुकांत शोधायचं, तर जनुकसंच, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, नीट वाचलेला हवा. पूर्वी तो बारीक तुकड्यांत वाचत. एखादं जनुक सापडलं नाही, की प्रश्न पडे: ते खरंच नाही, की वाचायचं राहिलं? वटवाघळांच्या सगळ्या जातींचे जनुकसंच वाचू पाहणाऱ्या 'बॅट-वन-के' प्रकल्पातल्या एमा टीलिंग, सोन्या व्हर्नेस आणि सहकाऱ्यांनी लांब, सलग वाचन करून २०२० मध्ये सहा जातींचे जनुकसंच प्रसिद्ध केले. प्रत्येकी डीएनएची सुमारे २०० कोटी अक्षरं! तेव्हा खात्रीनं म्हणता आलं, की दाह वाढवणारी काही जनुकं वटवाघळांनी खरोखरच गमावली आहेत.

पण जाती आहेत १४०० हून अधिक. आपल्या शेजारचंच पाहा. गोवा आणि महाराष्ट्राच्या सीमेजवळ, बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं. कित्येक वर्षं जगात त्याचा हा एकच ठिकाणा माहीत होता. मेघालयात आणि कंबोडियात ते फार नंतर सापडलं. अशा जातींचं वाचन आधी व्हावं, असं मला मनापासून वाटतं. सलग वाचनाला नमुना ताजा लागतो, संग्रहालयातल्या बाटलीतला जुना नमुना त्याला सहसा पुरत नाही. म्हणजे वटवाघळं गुहांमध्ये टिकायला हवीत. म्हणून तिथे धूर करून त्यांना हुसकावू नका. त्यांना हातही लावू नका. नमुने घेणं हे प्रशिक्षित संशोधकांचं काम आहे.

नमस्कार.