माशिकोची माती आणि हमादांची पळी

नमस्कार श्रोतेहो. जपानी कुंभार हमादा शोजी (1894–1978) यांचं नाव निघालं की त्यांनी जिथून रीती उचलल्या त्या ठिकाणांची, कोरिया, दक्षिण जपानातलं ओकिनावा, इंग्लंड अशी यादी हमखास येते. 1920 मध्ये ते इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला गेले, तिथं चढणीची, म्हणजे उतारावर चढत जाणारी भट्टी बांधली. परतल्यावर तोक्योच्या उत्तरेला माशिकोत स्थिरावले. पण नुसत्या यादीनं काय कळणार? बाहेरून घेतलेली प्रत्येक रीत त्यांनी माशिकोच्या मातीला मानवेल अशी करून घेतली, खरी गोम तिथंच आहे.

ही माती भरड, लोहयुक्त. चाकावर फार पातळ ओढली की कड फाटते. म्हणून त्यांची भांडी जाड, बुडाला भक्कम.

झिलई म्हणजे भांड्यावर भाजून बसणारा काचेसारखा थर. त्यांची तांबूस झिलई म्हणजे गावाजवळच्या अशीनुमा दगडाचं पीठ पाण्यात कालवलेलं, बस्स. त्यात लाकडाची राख घातली की तीच झिलई काळी होते. आता गंमत बघा. आधी काळा थर, त्यावर गरम मेणानं नक्षी, वर तांबूस थर. मेणावर झिलई धरत नाही, भट्टीत मेण जळून जातं आणि नक्षी काळी उमटते. मेण निवलं तर कुंचला अडखळतो. मेणावरचे थेंब टिपले नाहीत तर नक्षीत डाग पडतात.

इंग्रज कुंभार ओल्या मातीवर पातळ मातीच्या रेघा सोडत. माशिकोत झिलई पळीनं ओतायची पद्धत होतीच. हमादांच्या मोठ्या थाळ्यांवर या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. कच्ची भाजलेली थाळी पाणी क्षणात शोषते, तेव्हा पळी एकाच झोकात फिरायला हवी. हात थबकला की तिथं जाड थर बसतो, आणि तो भट्टीत सरकतो किंवा ओघळतो. झिलई फार पातळ असेल तर रेघच राहत नाही.

ओकिनावाची लाल-हिरवी नक्षी तयार भांड्यावर काढून सुमारे 800 अंशांवर पुन्हा भाजतात. आच वाढली की लाल करपतो.

मिठाची झिलई युरोपातली. भट्टी 1,200 अंशांपुढं गेल्यावर मीठ टाकायचं. मिठातल्या सोडियमची वाफ मातीतल्या सिलिकाशी (वाळूतल्या मुख्य घटकाशी) जुळून संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. लोहयुक्त मातीवर मात्र तो काळपट दिसतो, म्हणून आधी पांढऱ्या मातीचा लेप. तोही भांडं अर्धवट ओलं असतानाच द्यावा, वाळल्यावर दिला तर पोपडे निघतात. शिवाय मीठ भट्टीच्या विटांवरही चढतं, त्यामुळं ही भट्टी वेगळीच ठेवावी लागते.